‘वाङ्मय’ शोधताना

‘वाङ्मय’ हा शब्द मराठीच्या अध्यापकाला दिवसातून दहा वेळा लागतो, आणि महाजालावर शोधताना नेमका तोच दगा देतो. ‘ङ’ हे अक्षर कळफलकावर सहज सापडत नाही. ‘ड’ मात्र हाताशीच असतो. त्यामुळे ‘वाड्मय’ असे लिहिलेली पाने जालावर विपुल आहेत. कोणी पाय न मोडता ‘वाङमय’ लिहितो, तर कोणी हलन्त ‘ङ’ आणि ‘म’ यांची जुळणी टाळण्यासाठी मध्ये एक न दिसणारे चिन्ह घालतो. डोळ्याला हे सारे एकच शब्द वाटतात किंवा फार तर मुद्रणदोष वाटतात. यंत्राला ते चार निरनिराळे शब्द आहेत. आपण त्यांपैकी एक लिहून शोधतो, समोर आलेली पाने पाहतो आणि ‘मराठीत या विषयावर काही नाही’ असे म्हणून उठतो.

हा निष्कर्ष किती घाईचा असतो, हे समजण्यासाठी मराठी मजकूर यंत्रात कसा शिरला याचा इतिहास माहीत असावा लागतो. इंग्रजीच्या अध्यापकाला ‘शोध कसा घ्यावा’ या विषयावर चार युक्त्या सांगितल्या की पुरतात. मराठीच्या अध्यापकाला त्या युक्त्यांच्या आधी थोडा इतिहास वाचावा लागतो. कारण आपल्याकडे शोधाची पद्धत ही बव्हंशी लिपीच्या संगणकीय इतिहासातूनच निघते.

मुळात ‘शोध’ ही गोष्ट महाजालाने आणली असे नाही. १८६७ च्या कायद्याने मुद्रणालये आणि पुस्तके यांची नोंदणी सुरू झाली व छापल्या जाणाऱ्या पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या होऊ लागल्या. त्याच वर्षी मुंबई इलाख्याचे शिक्षणसंचालक अलेक्झांडर ग्रँट यांची, १८६४ अखेरपर्यंतच्या देशी प्रकाशनांची सूची छापली गेली. ब्रिटिश म्युझियममधील मराठी व गुजराती पुस्तकांची ब्लूमहार्टकृत सूची १८९२ ची. या साऱ्या राज्यकर्त्यांच्या सूची. त्यांचा हेतू प्रशासनाचा होता, अध्यापनाचा नव्हे. अभ्यासकाच्या गरजेतून झालेले मोठे काम शंकर गणेश दाते यांचे. त्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा पहिला भाग १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५० या काळातील ग्रंथांची विषयवार नोंद करतो. दीडशे वर्षांच्या मराठी मुद्रित ग्रंथांचा हा पट. आमच्या पिढीने पदव्युत्तर वर्गात दात्यांची सूची उघडायला शिकणे हाच ‘संशोधनपद्धती’चा पहिला धडा मानला. आज ती उघडली जात नाही, याचे कारण ती जुनी झाली हे नव्हे. ती ‘सर्च’ करता येत नाही, एवढेच.

इकडे पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, अध्यापकांसाठी शोधाची सोय शासनाने १९६० च्या दशकातच केली होती. शिक्षणविषयक लेखनाची ‘एरिक’ नावाची नोंदव्यवस्था तेव्हाची. १९९२ मध्ये सिरॅक्यूस विद्यापीठातून ‘आस्क-एरिक’ ही सेवा सुरू झाली. अध्यापकाने विपत्राने प्रश्न विचारावा आणि दोन दिवसांत एखाद्या जाणत्या ग्रंथपालाने पाठटाचणे, लेख, संदर्भ शोधून उत्तर पाठवावे, अशी तिची रीत होती. म्हणजे महाजालाच्या आरंभी ‘शोधयंत्र’ हा एक माणूसच होता. १९९४ ची ‘याहू’ची विषयवार निर्देशिकासुद्धा माणसांनीच रचलेली होती. १९९५ च्या डिसेंबरात ‘अल्टाव्हिस्टा’ आले, पानांतला शब्दन्‌शब्द सूचीत घेतला जाऊ लागला, १९९८ मध्ये ‘गूगल’ कंपनी स्थापन झाली आणि माणसाने केलेले वर्गीकरण मागे पडले. याहूची निर्देशिका २०१४ मध्ये बंद झाली तेव्हा तिची आठवण काढणारेही थोडेच उरले होते. इंग्रजीपुरता हा बदल लाभाचा ठरला, कारण इंग्रजी पानातला शब्द हा यंत्राच्या दृष्टीनेही शब्दच होता.

मराठीचे तसे नव्हते.

भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही प्रमाण संकेतावली १९८८ मध्ये ठरली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून तिची सुधारित आवृत्ती आली. पुण्यातल्या सी-डॅकने या क्षेत्रात मोठे काम केले. पण छपाईच्या धंद्याला प्रमाण संकेतावलीची निकड नव्हती. त्याला कागदावर सुबक अक्षर हवे होते. डी.टी.पी.चे दिवस होते ते. टंक तयार करणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. कुठे काना, कुठे अर्धा ‘श’, कुठे रफार. प्रत्येक टंकाची मांडणी वेगळी. ‘शिवाजी’ टंकातला मजकूर ‘श्रीलिपी’त उघडावा तर कचरा दिसे. हाच मजकूर पुढे जालावर चढला. वाचकाने टंक उतरवून घेतला असेल तर त्याला मराठी दिसे. नसेल तर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. शोधयंत्राने तर कधीच टंक उतरवून घेतला नाही. त्याच्या सूचीत ती खिचडीच गेली.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची आणि तिच्यातली देवनागरी १९८८ च्या इस्कीवरच बेतलेली. तरीही सामान्य संगणकावर तिचा वापर ‘विंडोज २०००’ आणि ‘मंगल’ टंक आल्यावरच शक्य झाला, आणि अंगवळणी पडायला पुढे आणखी काही वर्षे गेली. मधल्या दशकात मराठीत जे जे टंकलिखित झाले – महाविद्यालयांच्या पुस्तिका, चर्चासत्रांचे शोधनिबंध, दिवाळी अंकांची पाने, अभ्यासक्रम – त्याचा फार मोठा भाग डोळ्याला मराठी आणि यंत्राला निरर्थक अशा अवस्थेत राहिला. आणि हा केवळ गतकाळ नव्हे. जुन्या टंकात जुळवून पीडीएफ केलेली कागदपत्रे आजही संकेतस्थळांवर आहेत. अशा पीडीएफमधली ओळ निवडून कोऱ्या पानावर चिकटवून पाहावी. रोमन खिचडी उमटली, तर तो मजकूर कोणत्याही मराठी शब्दाने सापडणार नाही हे निश्चित समजावे. मग तो शोधायचा कसा? मजकुरावरून नव्हे, तर तो जिथे असण्याचा संभव आहे त्या जागेवरून. ‘साइट’ हा शब्द रोमन लिपीत लिहून, पुढे अपूर्णविराम देऊन, जागा न सोडता विद्यापीठाचा किंवा संस्थेचा पत्ता लिहावा. त्याचप्रमाणे ‘फाइलटाइप’ असे रोमन लिपीत लिहून पुढे पीडीएफ म्हणावे. सोबतचा विषय इंग्रजीत द्यावा, कारण मराठी पीडीएफला नाव पुष्कळदा रोमन लिपीतच दिलेले असते. पाने उघडून चाळावी लागतात, हे खरे. पण ग्रंथालयात कपाटासमोर उभे राहून आपण हेच करत होतो.

युनिकोड आल्यावर तरी गाठी सुटल्या असे नाही. ‘दुसऱ्या’मधला अर्धा ‘र’ दोन प्रकारांनी लिहिता येतो: एक ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराचा पाय मोडून, दुसरा साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर काडीचाही फरक दिसत नाही. इंग्रजी शब्दांतील ‘अ’वरच्या चंद्राची कथा आणखी गमतीची. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. त्याआधी कोणी ‘अ’पुढे चंद्र टंकून ‘अॅ’ करी, कोणी हिंदीच्या वळणाचा ‘ऍ’ वापरी. म्हणजे ‘ॲरिस्टॉटल’ शोधणाऱ्याने तीन वेळा शोधावे. (ल आणि श यांच्या आकारांविषयी शासनाने २००९ मध्ये निर्णय काढला, त्यावर आपल्याकडे बराच वाद झाला. शोधाच्या दृष्टीने त्या वादाला अर्थ नाही. आकार कोणताही असो, संकेतांक एकच.) मोठी शोधयंत्रे असे भेद पुष्कळदा सांभाळून घेतात. ग्रंथालयाची सूची, कोशातला शोध, पीडीएफच्या आतला शोध मात्र सांभाळून घेईलच असे नाही, आणि अध्यापकाचे काम तिथेच जास्त असते.

याच्या जोडीला आपल्या शुद्धलेखनाचा इतिहास आहे. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे, त्यांत १९७२ मध्ये भर पडली. त्यापूर्वीचा मजकूर अनुच्चारित अनुस्वारांनी भरलेला: ‘नांव’, ‘कांहीं’, ‘केलें’, ‘मुलें’. एकोणिसाव्या शतकातील निबंध शोधताना आजच्या लेखनपद्धतीने शोधले तर फक्त आजचे लेखक सापडतात, जुना मूळ ग्रंथ सापडत नाही. आणि विद्यार्थी मूळ वाचण्याऐवजी मुळाविषयी वाचतो. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात मोल्सवर्थचा १८५७ चा कोश, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश अशी मोठी साधने खुली आहेत. पण मोल्सवर्थकडे जाताना त्याच्या काळचे लेखन घेऊन जावे लागते. वर्गात एखाद्या शब्दाचा अर्थ शंभर-दीडशे वर्षांत कसा सरकला हे दाखवायचे असेल, तर या कोशांइतके चांगले साधन दुसरे नाही; एकाच शब्दाच्या तीन काळांतील नोंदी शेजारी ठेवल्या की तासिका पुरत नाही.

देवनागरी ही एकट्या मराठीची लिपी नाही, हेही शोधताना पदोपदी जाणवते. ‘शिक्षा’ हा शब्द आपल्याला दंड वाटतो. यंत्र आपल्यासमोर हिंदीतले शिक्षण आणून ठेवते. ‘रस’, ‘छंद’, ‘अलंकार’ यांचेही तसेच: हिंदीचा पूर, त्यात मराठीचे चार थेंब. यावर उपाय सोपा आहे. शोधशब्दांच्या जोडीला निखळ मराठी शब्द द्यावा: ‘आणि’, ‘आहे’, ‘म्हणजे’. आपण सामान्यतः अशा शब्दांना निरर्थक समजून वगळतो. मराठीत त्यांच्याइतका चोख गाळणीचा शब्द नाही. तीच गोष्ट विभक्तीची. आपली नामे सामान्यरूप घेतात आणि प्रत्यय अंगालाच चिकटतात. त्यामुळे लांबलचक पानात ‘केशवसुतांची’ असे शोधण्यापेक्षा ‘केशवसुत’ एवढेच शोधावे. ‘घोडा’ शोधून ‘घोड्याला’ सापडणार नाही. ‘घोड्या’ वेगळे शोधावे. व्याकरणाच्या तासाला सामान्यरूपाचा उपयोग काय असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हा एक उपयोग सांगता येईल.

पण या साऱ्यापेक्षा मोठा प्रश्न पुस्तकांचा. २००० नंतरच्या दशकात ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ने जुन्या मराठी ग्रंथांच्या प्रतिमा केल्या. काम प्रचंड झाले, नोंदी मात्र दैना. ग्रंथनाम रोमन लिपीत, तेही नोंद करणाऱ्याच्या कानाला जसे ऐकू आले तसे; लेखकाच्या नावाच्या जागी कित्येकदा ‘उपलब्ध नाही’. ‘वाङ्मय’ तिथे ‘व्ही’ने आहे की ‘डब्ल्यू’ने, आ साठी एक ‘ए’ आहे की दोन, हे देवच जाणे. २०१७ च्या सुमारास ते संकेतस्थळ बंद पडले. त्यातील बरेच ग्रंथ तत्पूर्वीच ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर पोचले होते म्हणून वाचले. पण तेथेही या पुस्तकांच्या नोंदीत वर्षानुवर्षे एक इंग्रजी शेरा दिसे: या भाषेचे अक्षरवाचन सध्या होऊ शकत नाही. पुस्तक होते, पाने होती, पण यंत्राला ती वाचता येत नव्हती. २०२० च्या अखेरीस त्या संस्थेने ‘टेसरॅक्ट’ ही मुक्त अक्षरवाचन प्रणाली स्वीकारली, आणि तिला मराठी येत असल्याने जुन्या ग्रंथांच्या अंतरंगात शोधण्याची वाट काही अंशी खुली झाली.

काही अंशी म्हणायचे, कारण जीर्ण छपाईपुढे यंत्र अडखळते. ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’, ‘ब’चा ‘व’, आणि ‘ख’चा सर्रास ‘रव’. ‘खरे’ असे शोधावे तर पुस्तकात ते ‘रवरे’ होऊन बसलेले. म्हणून अशा संग्रहात शोधताना एक लांब वाक्प्रयोग न घेता, ज्यात ही घोटाळ्याची अक्षरे नाहीत असा एखादा आखूड, विरळा शब्द निवडावा. आणि ग्रंथनाम शोधताना रोमन लिपीतले तीन-चार पर्याय कागदावर आधीच लिहून घ्यावेत. दात्यांच्या सूचीचा उपयोग इथे पुन्हा होतो: सूचीवरून नेमके ग्रंथनाम, लेखक आणि वर्ष हाती असले की जालावरचा शोध अंधारातला राहत नाही. ज्याला काय शोधायचे ते ठाऊक आहे त्यालाच ते सापडते, अशी ही उफराटी व्यवस्था आहे.

एक उदाहरण विस्ताराने घेण्यासारखे आहे. ताराबाई शिंदे यांचा निबंध १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. १८८५ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये त्याची बाजू घेतली. पुढे तो मराठी वाङ्मयेतिहासाच्या मुख्य प्रवाहात जवळजवळ अनुल्लेखित राहिला. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशित केला, आणि त्यानंतर तो अभ्यासक्रमांत, चर्चेत, प्रबंधांत आला. मधल्या नव्वद वर्षांत निबंध बदलला नव्हता; तो हाती येत नव्हता. आता हाच निबंध विद्यार्थ्याने महाजालावर शोधावा. ‘स्त्रीपुरुषतुलना’ असे सलग, ‘स्त्री-पुरुष तुलना’ असे संयोगचिन्ह देऊन, ‘स्त्रीपुरुष तुलना’ असे तोडून, ‘स्त्री पुरुष तुलना’ असे पूर्ण सुटे, शिवाय ‘पुरूष’ असा दीर्घ उकार देऊन. प्रत्येक रूपाला वेगळी पाने येतात. रोझालिंड ओ’हॅन्लन यांचा इंग्रजी अनुवाद १९९४ चा. त्याचे नाव एकच, वर्णक्रम एकच. तेव्हा विद्यार्थ्याचा हात कोणत्या पुस्तकाकडे वळतो, हे सांगायला नको. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात मराठी निबंधाचा संदर्भ इंग्रजी अनुवादाच्या पृष्ठांकासह येतो, तेव्हा त्याला आळशी म्हणण्यापूर्वी आपण त्याला हे पाच पर्याय शिकवले होते का, असे विचारले पाहिजे.

गोव्याचे फादर स्टीफन्स तर आणखी कठीण. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये मराठीत पण रोमन लिपीत छापले गेले. १९०७ ची सल्ढाणा यांची मंगळूर आवृत्तीही रोमन लिपीतच. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ ची. म्हणजे देवनागरीत कितीही शोधले तरी जुनी आवृत्ती गवसत नाही, आणि रोमन लिपीत शोधायचे तर ‘ख्रिस्त’ आणि ‘पुराण’ यांचे पोर्तुगीज वळणाचे वर्णक्रम माहीत हवेत.

आजवर सांगितले ते न सापडण्याविषयी. सापडण्याचे संकटही लहान नाही. तुकारामांच्या नावावर जालावर फिरणाऱ्या कित्येक रचना गाथेच्या कोणत्याही प्रतीत नाहीत; पु. ल. आणि कुसुमाग्रज यांच्या नावांवर तर रोज नवे सुविचार जन्माला येतात. अशा वेळी ती ओळ अवतरणचिन्हांत घालून शोधावी आणि हजार निकालांतून एकच गोष्ट पाहावी: कोणी एक तरी ग्रंथनाम, आवृत्ती वा पृष्ठांक देतो का? हजार पानांवर तोच मजकूर असणे हा पुरावा नव्हे. ती एकाच पानाची हजार नक्कल असते. गाथेच्या बाबतीत १८६९ ते १८७३ मधील इंदुप्रकाश प्रत वा तिच्यावर आधारलेली शासकीय प्रत यांतील अभंगक्रमांक हाच निवाडा. विकिस्रोतासारख्या प्रकल्पात टंकलेल्या मजकुराशेजारी मूळ पानाची प्रतिमा असते, म्हणून वर्गासाठी सुट्या संकेतस्थळावरच्या मजकुरापेक्षा तो अधिक विश्वासार्ह. विश्वकोशाच्या नोंदींखाली लेखकाचे नाव असते, हीही आज दुर्मीळ झालेली सभ्यता.

अलीकडे शोधयंत्रे पानांची यादी देण्याआधी स्वतःच रचलेले उत्तर देऊ लागली आहेत. त्या उत्तरात अस्तित्वात नसलेली पुस्तके मोठ्या सफाईने येऊ शकतात, आणि मराठीसारख्या जालावर विरळ असलेल्या भाषेत हा धोका अधिक. दुसरीकडे शोधाची जुनी हत्यारे एकेक करून काढून घेतली जात आहेत. एखादा शब्द असलाच पाहिजे असे सांगणारे अधिकचिन्ह गूगलने २०११ मध्ये बंद केले. त्याचे काम आता अवतरणचिन्हांना करावे लागते. पानाची साठवलेली प्रत दाखवण्याची सोय २०२४ मध्ये गेली. नाहीशा झालेल्या पानासाठी इंटरनेट आर्काइव्हचे ‘वेबॅक मशीन’, जे २००१ पासून सर्वांना खुले आहे, तेवढे उरते. त्याला शब्द नव्हे, जुन्या पानाचा पत्ता द्यावा लागतो. म्हणून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात केवळ ‘महाजालावरून’ असा संदर्भ आम्ही स्वीकारत नाही. पूर्ण पत्ता, पाहिल्याची तारीख, आणि ज्या शब्दांनी शोध घेतला ते शब्द, त्यांच्या सर्व पर्यायी रूपांसह, वहीत लिहिलेले असावेत असा आग्रह धरतो. या शेवटच्या रकान्याला विद्यार्थी प्रथम हसतात. गेल्या वर्षी एकाच्या वहीत त्या रकान्यात ‘विविधज्ञानविस्तार’ची सात रूपे होती, आणि सातव्या रूपाला हवा तो अंक मिळाला होता.